दार लावून गायलेली खंत

दिवाळी उलटली की भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्या मोकळ्या होतात, शेतात पुंजणे उभे राहतात आणि गावोगावच्या मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा कुठे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानपट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी याच हंगामावर जगते. वडसा ही तिच्या नाटक कंपन्यांची मोठी पेठ. या रंगभूमीवर हयात घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली.

पश्चात्ताप हा या नाटकांचा हुकमी प्रसंग. दारूपायी शेत घालवलेला बाप, आईला घराबाहेर काढलेला मुलगा, धाकट्याचा हिस्सा गिळलेला थोरला भाऊ, यांपैकी कुणीतरी शेवटच्या अंकात गुडघ्यांवर येतो आणि सगळ्या गावासमोर, चढ्या आवाजात आपली चूक कबूल करतो. संगीत चढत जातं. मांडवातल्या बायका पदराने डोळे पुसतात, पुरुष शाल तोंडावर ओढून घेतात. मग त्याला माफी मिळते किंवा शिक्षा मिळते, आणि पहाटेच्या थंडीत माणसं हलक्या मनाने घरी जातात. हा पश्चात्ताप सार्वजनिक असतो. त्याला साक्षीदार लागतात, न्यायनिवाडा लागतो. मला या नाटकांबद्दल मनापासून आदर आहे, कारण चुकलेल्या माणसाला परत घेण्याची ताकद गावात असते यावर त्यांचा विश्वास आहे.

या प्रकरणात ज्या अल्बमांबद्दल सांगायचं आहे, ते हीच भावना हातात घेतात आणि थेट उलट्या दिशेने जातात. तिथे मांडव नाही, माफ करणारं कुणी नाही. एक माणूस दार लावून बसतो आणि स्वतःशी बोलावं तेवढ्या आवाजात गातो.

इंडी रॉक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना टाळून, लहान स्वतंत्र कंपन्यांमार्फत येणाऱ्या गिटारप्रधान संगीताला हे नाव पडलं. पुढे ते एका शैलीचंच नाव झालं. आपल्याकडे गाणं म्हटलं की बहुतेकदा सिनेमा डोळ्यांसमोर येतो. प्रसंग पटकथेतला, शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गळा आणखी कुणाचा आणि पडद्यावरचा चेहरा भलत्याचाच. इतक्या हातांतून गेलेली खंत सुंदर होऊ शकते, पण ती कुणा एकाची उरत नाही. इंडी अल्बमात लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा आणि पुष्कळदा मुद्रण करणारासुद्धा एकच माणूस असतो. त्याने ‘मी चुकलो’ म्हटलं की ते वाक्य ढकलायला त्याच्याकडे दुसरं कुणी नसतं. शिवाय अल्बम म्हणजे सुटी गाणी नव्हेत. नऊ-दहा गाणी एका ठरवलेल्या क्रमाने येतात, आणि त्या क्रमातून एक मनःस्थिती हळूहळू उलगडते.

अशा अल्बमांमध्ये आज सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते ‘फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो’चं. तो करणारा जस्टिन व्हर्नन, जन्म १९८१, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर गावचा. ‘डियारमंड एडिसन’ नावाचा त्याचा बँड मित्रांसह नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीला गेला, आणि तिथे २००६मध्ये फुटला. त्याच सुमारास प्रेमसंबंध तुटले. मोनोन्यूक्लिओसिस नावाचा आजार झाला आणि तो यकृतापर्यंत पोचला. जुगारात पैसे गेले. पंचविशीतला हा मुलगा गाडीत सामान भरून घराकडे निघाला आणि हिवाळ्याच्या तोंडावर वडिलांच्या जंगलातल्या लाकडी केबिनमध्ये जाऊन राहिला. हे केबिन शिकारीच्या हंगामात वापरायचं. तिथे तो जवळपास तीन महिने राहिला. लाकडं फोडायची, खाण्यापुरती हरणाची शिकार करायची, बाकी वेळ शांत बसायचं. अल्बम करायला म्हणून तो गेलाच नव्हता.

सोबत मात्र थोडं सामान होतं. एक साधा, कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमात दिसतो तसा शुअर कंपनीचा एसएम ५७ मायक्रोफोन, एक जुना मॅकिंटॉश संगणक, एक जुनी गिटार. या तुटपुंज्या सामानावर त्याने जी पद्धत काढली ती मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते. तो आधी शब्द लिहीत नसे. चाल गुणगुणायचा, निरर्थक अक्षरं लावायचा आणि तेच मुद्रित करायचा. मग ती अक्षरं पुन्हा पुन्हा ऐकून, त्यांच्या नादातून कोणते शब्द डोकं वर काढतात ते शोधायचा. त्यामुळे या अल्बमातल्या कित्येक ओळी अर्थाच्या दृष्टीने धूसर आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही त्या धड लागत नाहीत. आपल्या वाचकाला म्हणूनच सांगतो, पहिल्या दोन खेपांना शब्दांच्या मागे लागू नका. शब्दांच्या आधी आलेली हळहळ तिथे आवाजात आहे.

तो आवाजही नवा होता. आधीच्या बँडमध्ये व्हर्नन आपल्या नैसर्गिक, खालच्या आवाजात गायचा. केबिनमध्ये तो वरच्या, पातळ, कृत्रिम उंचीच्या आवाजात गाऊ लागला, ज्याला पाश्चात्त्य संगीतात फॉल्सेटो म्हणतात. शिवाय एकाच ओळीवर त्याने स्वतःचेच आवाज थरावर थर चढवले. बुवाही तोच आणि मागे धरणारेही तोच, अशी ही एकट्या माणसाची भजनी मंडळी आहे. ‘द वुल्व्ह्ज’ नावाच्या गाण्यात एकच लहानसं वाक्य येत राहतं, दर फेरीला त्यावर आवाजांचा थर वाढतो, आणि शेवटी तालवाद्यांच्या कल्लोळात सगळं कोसळतं. एकच विचार डोक्यात घोळत राहतो आणि दर घोळण्यासरशी वाढत जातो, हे झोप न येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते इतकं नेमकं ऐकवलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

नऊ गाणी, एकूण सदतीस मिनिटं. भंडाऱ्याहून नागपूरला एसटीने जाताना दोनदा ऐकून होतील एवढीच. २००७मध्ये व्हर्ननने त्याच्या पाचशे प्रती स्वतःच्या खर्चाने काढल्या. २००८च्या फेब्रुवारीत जॅगजॅग्वार या स्वतंत्र कंपनीने तो पुन्हा प्रकाशित केला आणि ‘बॉन इव्हेर’ हे त्याने घेतलेलं नाव जगभर झालं. २०१२मध्ये त्या नावाला नवोदित कलावंताचं ग्रॅमी मिळालं. पण त्यानंतर जी एक आख्यायिका तयार झाली, की जंगल, बर्फ आणि एकांत मिळाला की कुणीही असा अल्बम करील, तिच्यावर विश्वास ठेवू नये. व्हर्नन त्याआधी कित्येक वर्षं बँडमध्ये वाजवत होता. मुद्रणाचं तंत्र त्याच्या हातात होतं. एकांताने त्याला कसब दिलं नाही. कसब कुणाला दाखवायची गरज मात्र एकांताने काढून घेतली.

खोलीत बसून मुद्रण करण्याची वाट त्याच्या पंचवीस वर्षं आधी एका मोठ्या माणसाने पाडून ठेवली होती. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, टीॲक कंपनीच्या चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर काही गाणी नमुना म्हणून मुद्रित केली. बँडसोबत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटवरची धग त्यांत येईना. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ नावाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारात आली. ती टेप घोगरी आहे, मागे खरखर आहे. तरी गुन्हेगार, बेकार, वाट चुकलेल्या माणसांची ती गाणी त्या खरखरीशिवाय मी कल्पू शकत नाही.

आता आवाजाच्या तंत्राकडे वळू, कारण खंतीचा हा परिणाम बराचसा तिथून येतो. एसएम ५७सारखे मायक्रोफोन एका दिशेचा आवाज जास्त पकडतात. अशा मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेलं की आवाजातल्या खालच्या, जाड लहरी वाढून उमटतात. ध्वनिमुद्रक याला ‘प्रॉक्सिमिटी इफेक्ट’ म्हणतात. जवळ गेल्यामुळे हळू गायलं तरी चालतं, आणि हळू गायल्यामुळे श्वास, ओठ उघडण्याचा आवाज, तारेवरून बोट सरकल्याची किंचित किरकिर, हे सगळं मुद्रणात येतं. रोजच्या आयुष्यात कुणाचा श्वास आपल्याला केव्हा ऐकू येतो? माणूस उशाशी असेल तर, कानात काही सांगत असेल तर. हेडफोन लावून ऐकताना आपल्या मेंदूला तीच जवळीक भासते. म्हणून हळू गायलेली कबुली आपण ऐकत नाही, ती आपल्याला सांगितली जाते. मोठ्या मांडवात मायक्रोफोनचं काम शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, इथे ते एका कानापर्यंत पोचायचं असतं. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच आहे.

पण प्रत्येक चूक अशी कुजबुजून सांगण्याजोगी असते का? इथे मानसशास्त्राची मदत होते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२मध्ये एक साधा प्रश्न लोकांपुढे ठेवला होता. दोन माणसांचं शेअरबाजारात सारखंच नुकसान झालं. एकाचं शेअर बदलल्यामुळे, दुसऱ्याचं न बदलल्यामुळे. जास्त चुटपूट कुणाला लागेल? बहुतेकांनी सांगितलं, ज्याने काहीतरी केलं त्याला. ताज्या चुकीबाबत हे खरंही असतं, केलेलं जास्त बोचतं. मग १९९४-९५मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी काळाचा हिशेब त्यात घातला. माणसांना सबंध आयुष्याकडे वळून पाहायला लावलं तर उलटंच चित्र दिसलं. दीर्घकाळ सलत राहतं ते न केलेलं. न शिकलेलं, न बोललेलं, न गेलेलं, न विचारलेलं.

असं का, याचं उत्तर मला फार पटतं. केलेल्या चुकीचे परिणाम दिसतात, ते मोजता येतात. माणूस माफी मागतो, भरपाई करतो, निदान ‘त्यातून शिकलो’ असं तरी म्हणतो. न केलेल्या गोष्टीला काठ नसतो. गेलो असतो तर काय झालं असतं याची कल्पना दर वर्षी नवी रूपं घेते, आणि प्रत्यक्षात काही घडलेलंच नसल्यामुळे तिला खोडून काढायला पुरावा सापडत नाही.

आणि इथेच मला झाडीपट्टीचं नाटक आणि इंडी अल्बम यांच्या वाटा का वेगळ्या होतात ते कळतं. रंगमंचाला कृती लागते. हाकललेली आई दाखवता येते, विकलेलं शेत दाखवता येतं. न लिहिलेलं पत्र रंगमंचावर कसं दाखवणार? न घडलेल्याची माफी मागायला गाव कशाला गोळा करणार? केलेल्या चुकीला मांडव हवा, न केलेल्या गोष्टीला बंद खोली. काठ नसलेल्या या दुःखाला जो कलाप्रकार शेवट देत नाही, तोच त्याला न्याय देतो.

न लिहिलेल्या पत्राचं उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायकाचा ‘कॅरी अँड लोवेल’ हा अल्बम ३१ मार्च २०१५ला आला. कॅरी ही त्याची आई. मानसिक आजार आणि व्यसन यांनी ग्रासलेली ही बाई सुफ्यान वर्षाचा असताना घर सोडून गेली. पुढे तिने लोवेल ब्रॅम्स यांच्याशी लग्न केलं, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही उन्हाळे सुफ्यान आणि त्याची भावंडं ओरेगॉन राज्यातल्या युजीन गावी त्या दोघांकडे राहिली. सुफ्यानला आई मिळाली ती जवळपास तेवढीच. लग्न पुढे मोडलं, पण सावत्र बापाशी त्याचं नातं टिकलं, इतकं की सुफ्यानची गाणी काढणारी ‘ॲस्थमॅटिक किटी’ ही छोटी कंपनी त्याने आणि लोवेलने मिळून उभी केली. कॅरी २०१२च्या डिसेंबरमध्ये कॅन्सरने वारली. शेवटी तो तिच्या खाटेशी होता. पण ज्या आईशी नातं नीट जुळलंच नाही, तिचं दुःख करायचं तरी कसं?

अल्बमात अकरा गाणी आहेत, आणि तालवाद्यं जवळजवळ नाहीतच. बोटांनी छेडलेली तार आणि कुजबुजता, दुहेरी आवाज. दुहेरी म्हणजे तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलेली. दोन्ही वेळा माणूस तंतोतंत सारखा गात नाही, त्या केसभर फरकामुळे आवाज मऊ आणि थोडा हलता होतो. काही भाग त्याने ओरेगॉनमधल्या क्लॅमथ फॉल्स इथल्या हॉटेलच्या खोलीत आयफोनवर मुद्रित केला, आणि एका गाण्यामागे खोलीतल्या एसीची घरघर चक्क राहू दिली आहे.

त्यातलं दुसरं गाणं, ‘शुड हॅव नोन बेटर’, हे या प्रकरणाचं जणू मध्यच आहे. सुरुवातीला फक्त गिटार. सुफ्यान सांगतो की लहानपणी आईने त्याला एका व्हिडिओच्या दुकानात सोडलं होतं. मनातली भावना कळवायला एक पत्र लिहायला हवं होतं, तेही राहून गेलं. हे सांगताना तो आईवर आरोप करत नाही, स्वतःला फटकेही मारत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. मग गाण्याच्या मध्यावर अचानक की-बोर्डचा एक उजळ, टिपक्यांसारखा आकृतिबंध सुरू होतो. चाल तीच असते, उजेड बदलतो. भावाला झालेल्या मुलीचा, म्हणजे पुतणीचा उल्लेख येतो. पत्र अजूनही लिहिलेलं नाही, ते आता कधी लिहिलं जाणार नाही. गाणं ते मान्य करून पुतणीकडे बघतं. एवढंच. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत खंतीवर इतकं प्रामाणिक गाणं क्वचितच झालं असेल.

आपण दुःखी गाणी का ऐकतो, याचाही अभ्यास झालेला आहे. लिला तारुफी आणि श्टेफान कोएल्श यांनी २०१४मध्ये ७७२ जणांना विचारलेल्या प्रश्नांत असं दिसलं की दुःखी संगीताने सगळ्यात जास्त जागी होते ती गतकाळाची ओढ, निव्वळ दुःख नव्हे. हा निष्कर्ष मला खरा वाटतो. ओरेगॉनचे उन्हाळे ऐकता ऐकता ऐकणाऱ्याला स्वतःच्या आजोळची उन्हाळ्याची सुट्टी आठवते.

मराठीत अशी गाणी आहेत का? रॉकच्या घाटाची शोधायला गेलं तर थोडी सापडतील, खंतीच्या घाटाची पुष्कळ. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३मध्ये सुरू झाला. सिनेमाच्या प्रसंगाचा आधार नाही, स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं, स्वतः मंचावर बसून गायलेलं. वृत्तीने हे स्वतंत्र संगीतच आहे. त्यांच्या ‘दमलेल्या बाबाची कहाणी’त काय आहे? बाप उशिरा घरी येतो, लेक झोपलेली असते, सांगायची गोष्ट राहून गेलेली असते. त्याने तिला मारलेलं नाही, टाकलेलं नाही, काही ‘केलेलं’च नाही. न केलेल्याचीच ही खंत आहे, आणि म्हणून ती ऐकताना सभागृहातले बाप डोळे पुसतात. गिलोविच-मेडवेक यांचं सगळं संशोधन त्या एका गाण्यात ऐकू येतं.

गद्यात पाहायचं तर साने गुरुजींकडे जावं लागतं. ‘श्यामची आई’चा मोठा भाग त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढला. पुस्तक १९३५ला आलं. बंद खोली, थोडे दिवस, गेलेली आई, आणि तिची अखेरची भेट न झाल्याची सल. रात्रीमागून रात्र एकेक आठवण, एका ठरलेल्या क्रमाने. हे पुस्तक संस्कारांचं म्हणून मुलांच्या हाती देतात, आणि त्यातली खंत बाजूला राहते. मोठ्यांनी ते पश्चात्तापाचं पुस्तक म्हणून पुन्हा वाचावं.

तरीही माझ्या मते व्हर्ननच्या केबिनच्या सगळ्यात जवळची मराठी जागा म्हणजे पहाटेचं जातं. घर झोपलेलं, अंधार, एकटी बाई, किंवा समोर जाऊ-नणंद. दगडाची घरघर हाच सूर आणि फिरणारा हात हाच ताल. ऐकणारं कुणी नाही म्हणून जे दिवसा बोलता येत नाही ते ओवीत येतं. लांब दिलेली लेक, न आलेला भाऊ, आईचं न पाहिलेलं शेवटचं तोंड. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि २०१७पासून ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने त्या ध्वनिमुद्रणांसह सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. त्या ऐकताना मागे कोंबडा आरवतो, भांडं पडतं, मूल रडतं. क्लॅमथ फॉल्सच्या एसीसारखंच ते राहू दिलेलं आहे, आणि तसंच राहायला हवं. या बायकांना अल्बम हा शब्द ठाऊक नव्हता, पण रचणारी, चाल धरणारी आणि गाणारी एकच असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आपल्या विदर्भाकडे या वृत्तीचा कवीही आहे. नागपूरचे ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा संग्रह १९६७ला आला. त्यांच्या ओळीही अनेकदा अर्थाआधी नादाने पोचतात. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली लावल्या तेव्हा ते जाणवलं. ग्रेस कठीण वाटतात असं म्हणणाऱ्यांनी व्हर्ननच्या अल्बमनंतर ते पुन्हा ऐकून पाहावेत.

आता भंडाऱ्याकडे परत येऊ. खंतीला लागणारी सामग्री या जिल्ह्यात कमी नाही. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. पुढे वैनगंगेचं पाणी अडलं आणि पवनीच्या बाजूची गावं उठली. जुन्या घराच्या दाराची चौकट काढून आणायची राहिली, अशी सल कुणाच्या ना कुणाच्या मनात असेलच. तुमसर-मोहाडीतून, लाखनी-साकोलीतून, लाखांदुरातून मुलं शिकायला नागपूर-पुण्याला जातात आणि रोवणीच्या दिवसांत घरी पोचत नाहीत. आजीला शेवटचा फोन लावायचा राहतो. यांतलं काहीच मंडईच्या नाटकात बसणार नाही, कारण इथे खलनायक नाही. त्याला दुसरं घर हवं.

त्या घराला लागणारं भांडवल आज जवळजवळ शून्य आहे. स्प्रिंगस्टीनच्या कॅसेट यंत्रापेक्षा स्वच्छ मुद्रण आज खिशातला फोन करतो. थंडीत पंखा तसाही बंदच असतो. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, भिंतीचा घुमारा मारायला दोन रजया टांगा, पहिलं गायलेलं पुसू नका. गावाचं, बोडीचं, माणसाचं नाव खरं घ्या, सुफ्यान घेतो तसं. भाषा पुण्याची करायला जाऊ नका. झाडीबोलीत डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी होतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीची आणि दंडारीसारख्या लोककलांची नोंद घेण्यात हयात वेचली आहे, आणि वीतभर अंतरावरून गायलेल्या गाण्यात ती बोली जितकी खरी ऐकू येईल तितकी दुसरीकडे येणार नाही.

आणि गाणं येत नसेल त्यांनी निदान एक काम करावं. घरात ओव्या, रोवणीची गाणी, महादेवाची गाणी येणारी आजी, मावशी, आत्या असेल, तर येत्या सुट्टीत तिच्यासमोर फोन ठेवून ती मुद्रित करून घ्या. नाव, गाव आणि तारीख सांगून सुरुवात करा, आणि मुद्रण दोन ठिकाणी जपून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.